मौखिक आरोग्य आणि शिकलेल्यांची निरक्षरता

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज निरनिराळ्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत नोकरीस आहेत. कोणी अध्यापन करतात, कोणी परीक्षा विभागात लिपिक आहेत, कोणी ग्रंथालय परिचर, कोणी प्रयोगशाळा सहायक, कोणी शिपाई, तर कोणी कंत्राटदाराच्या हाताखाली साफसफाईचे किंवा पहाऱ्याचे काम करतात. माजी विद्यार्थी मेळाव्यात ही सारी मंडळी एका पंगतीत बसतात, तेव्हा शिक्षक या नात्याने आमचे मन भरून येते. परंतु त्याच पंगतीत दुसरेही एक दृश्य दिसते. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आतले कितीतरी जण भाकरी एकाच बाजूने चावतात, थंड पाण्याचा पेला ओठाला लावताना चेहरा आक्रसतात, आणि हसू आले की नकळत तोंडावर हात नेतात. पदवी, पदव्युत्तर पदवी, सेट-नेट, विभागीय परीक्षा हे सारे पार करून आलेली ही माणसे आहेत. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा आम्ही हा विषय निवडला. इतिहासाच्या शिक्षकाने दातांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण इतिहास या विषयात ठिकठिकाणी दडलेला आहे, आणि तो आम्ही सांगणारच.

प्रथम शब्दाविषयी. आरोग्य-साक्षरता हा शब्दप्रयोग १९७४ साली स्कॉट सायमंड्स या अमेरिकन आरोग्यशिक्षण-तज्ज्ञाच्या लेखनातून पुढे आला. आरोग्यविषयक माहिती मिळविणे, ती समजून घेणे आणि तिच्या आधारे स्वतःसाठी योग्य निर्णय घेणे ही क्षमता म्हणजे आरोग्य-साक्षरता. दात, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू, टाळू यांच्यापुरती ही क्षमता पाहिली की ती मौखिक आरोग्य-साक्षरता होते. डॉन नटबीम या अभ्यासकाने २००० साली तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली कार्यात्मक, म्हणजे चिठ्ठीवर किंवा टूथपेस्टच्या वेष्टनावर काय छापले आहे ते वाचून कळणे. दुसरी संवादात्मक, म्हणजे दंतवैद्यासमोर बसून ‘हा दात काढण्याऐवजी वाचवता येईल काय, त्यास किती फेऱ्या आणि किती खर्च लागेल’ असे विचारता येणे. तिसरी चिकित्सक, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या फाटकासमोरच तंबाखूची टपरी का आहे आणि ती तेथे असणे कायद्यास धरून आहे काय, असा प्रश्न उपस्थित करता येणे. आमच्या मते आपल्या समाजातील शिकलेला वर्ग पहिल्या पायरीवर बऱ्यापैकी स्थिर आहे, दुसरीवर चाचपडतो आहे, आणि तिसरीकडे त्याने अजून पाहिलेले नाही.

ही साक्षरता मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेत २००७ साली दंतविषयक तीस शब्दांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सोप्या शब्दांपासून कठीण शब्दांपर्यंतची यादी समोरच्याने मोठ्याने वाचायची आणि अचूक उच्चारांना गुण द्यायचे, अशी तिची रीत. चाचणी दोन-तीन मिनिटांत संपते हा तिचा गुण. पण शब्द वाचता येणे आणि शब्द कळणे यांत अंतर असते हे वर्गात उभ्या राहिलेल्या कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे. ‘फ्लोराईड’ हा शब्द खणखणीत वाचणारा माणूस फ्लोराईड नसलेली पेस्ट वर्षानुवर्षे वापरीत असतो. पुढे त्याच वर्षी आकलन तपासणाऱ्या चाचण्याही तयार झाल्या, त्या अधिक उपयोगी आहेत.

अशा अभ्यासांसाठी विद्यापीठाचे कर्मचारी हा गट फार बोलका ठरतो. एकाच आवारात, एकाच घंटेच्या तालावर, एकाच उपाहारगृहात चहा पिणारी ही माणसे असतात. तरी त्यांच्यात आठवी उत्तीर्ण परिचरापासून डॉक्टरेट झालेल्या प्राध्यापकापर्यंत शिक्षणाच्या साऱ्या पायऱ्या आढळतात. शिक्षण वाढले की आरोग्याची समज वाढते, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण ते आपोआप होत नाही. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकास आम्ल आणि अल्क यांचे सारे समीकरण मुखोद्गत असते, आणि तोच दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि सोबत बिस्किट घेतो. ते समीकरण स्वतःच्या तोंडात चालू आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

म्हणून दात किडतो कसा, हे नीट समजून घेऊ. दातावरील बाहेरचे आवरण, ज्यास इनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. त्यात जिवंत पेशी नसतात. म्हणून हाड मोडले तर सांधते तसे इनॅमल तुटल्यास पुन्हा उगवत नाही. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले की हे जिवाणू त्यांपासून आम्ल तयार करतात. आम्लता दर्शविणारा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि खनिज परत आणून बसविते; मात्र तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने १९४० च्या दशकात हा चढउतार आलेखाने दाखवून दिला. आता कार्यालयातील चहाचा हिशेब करावा. साडेदहाला एक, बाराला एक, जेवणानंतर एक, साडेतीनला एक, साहेबांकडे पाहुणे आले म्हणून आणखी एक. लाळेने डागडुजी पुरी करावी तोच पुन्हा साखर येते. एकदाच जेवणाबरोबर खाल्लेली पुरणपोळी दातांस जितकी अपाय करते, त्याहून दिवसभर थोडी थोडी घेतलेली गोडी अधिक अपाय करते. आपल्याकडे ‘गोड किती खाता’ असे विचारतात. दंतवैद्याने विचारावयाचा प्रश्न ‘किती वेळा खाता’ हा आहे.

येथे भाषेचा एक घोळ सांगितलाच पाहिजे. मराठीत आपण ‘दातात कीड लागली’ म्हणतो. ज्वारीला कीड लागते, कापसाला लागते, तशी दातालाही लागते असा बोध या शब्दातून होतो. ही समजूत केवळ आपली नाही. प्राचीन बॅबिलोनच्या मृत्तिकापटांवर दातातील किड्याला उद्देशून रचलेला मंत्र आढळतो. युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांचा धूर तोंडात देऊन ‘किडे’ पाडून दाखविणारे भटके वैद्य शतकानुशतके फिरत असत. पाण्याच्या भांड्यात पडलेले ते पांढरे बारीक तंतू म्हणजे उष्णतेने बियांतून बाहेर आलेले अंकुर असत. आपल्या खेड्यापाड्यांत भुईरिंगणीच्या बियांच्या धुराने कीड पाडणारे लोक आजही भेटतात. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात या किड्याची कल्पना नाकारली. त्याच्याही आधी, १६८३ साली, हॉलंडच्या लेव्हेनहुकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली पाहिला होता आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव त्यास आढळले होते. पुढे १८९० साली मिलर या जर्मनीत काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकाने जिवाणू आणि आम्ल यांचा संबंध सविस्तर मांडला. म्हणजे ‘कीड’ काढून टाकण्याच्या कल्पनेतून जग बाहेर येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. शब्द मात्र आपल्या तोंडात तसाच राहिला, आणि शब्दाबरोबर धूर देणाऱ्याचा धंदाही राहिला.

दुसरी एक समजूत याहून अधिक नुकसान करते. ‘वरची दाढ काढली की नजर जाते.’ आम्ही हे वाक्य एम. ए. झालेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. वरच्या दातांना संवेदना पुरविणारी नस मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूची शाखा आहे; दृष्टीचा मज्जातंतू दुसरा. दोहोंचे मार्ग निराळे, कार्य निराळे. मग समजूत इतकी घट्ट का बसली? आमचा तर्क असा की, ज्या वयात हिरड्या सैल होऊन दाढा काढाव्या लागतात त्याच वयात जवळचे दिसेनासे होते. मराठीत त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरली. इतिहासाच्या अभ्यासकास ही चूक फार ओळखीची आहे. पण या समजुतीपायी सडलेली दाढ तोंडात तशीच ठेवणारी माणसे जेव्हा चेहऱ्यावर सूज घेऊन रात्री-बेरात्री रुग्णालय गाठतात, तेव्हा तो केवळ तर्काचा दोष राहत नाही.

बौद्ध परंपरेत मुखशुद्धीचा विचार किती जुना आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास हवे. विनयपिटकातील चुल्लवग्गात दन्तकट्ठाचा, म्हणजे दातवणाच्या काडीचा, प्रसंग आहे. काही भिक्खू दातवण करीत नसत आणि त्यांच्या मुखास दुर्गंधी येई. तथागतांनी दातवण न करण्याचे पाच तोटे आणि करण्याचे पाच लाभ सांगून त्यास अनुज्ञा दिली. पुढचा भाग तर मोठा मनुष्यस्वभावाचा आहे. काही उनाड भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारू लागले, तेव्हा काडी आठ अंगुळांहून मोठी नसावी असा नियम झाला. मग कोणी अतिशय आखूड काडी वापरली आणि ती घशात अडकली, तेव्हा चार अंगुळांहून लहान नसावी असा दुसरा नियम झाला. प्रत्यक्ष अनुभव पाहून नियम दुरुस्त करीत जाण्याची ही पद्धत आहे.

सातव्या शतकात चिनी भिक्खू इत्सिंग भारतात आला आणि नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. त्याच्या वृत्तांतात दातवणावर स्वतंत्र प्रकरण आहे. काडी किती लांब असावी, तिचे टोक चावून कसे मऊ करावे, दात कसे घासावेत, मग तीच काडी चिरून जीभ कशी खरवडावी, हे तो बारकाईने लिहितो. मुखशुद्धी केल्याविना कोणास वंदन करू नये आणि कोणाचे वंदन स्वीकारू नये, असा तेथील शिष्टाचार होता. दातवणामुळे भारतात दातदुखी क्वचितच आढळते, असेही त्याने नोंदविले आहे. ज्या महाविहारास आपण अभिमानाने जगातील आद्य विद्यापीठांत गणतो, तेथे आचार्यापासून सेवकापर्यंत सर्वांची सकाळ या काडीने होत असे. आजच्या विद्यापीठांविषयी बोलताना हा संदर्भ आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. अर्थात दातवणाची काडी आज पुरेशी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. नालंदेच्या भिक्खूंच्या आहारात गिरणीतील पांढरी साखर नव्हती, आणि काडीतून फ्लोराईड मिळत नाही.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, मीठ यांनी दात घासण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. खरखरीत पुडीने दात तात्पुरते पांढरे दिसतात, कारण इनॅमलच झिजते. परंतु महाराष्ट्र आणि गोव्याच्या संदर्भात खरा प्रश्न मशेरीचा आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावीत बसायचे. ती दात स्वच्छ करते अशी समजूत असल्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांसमोरही तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ज्या सुनेने पान खाल्ले तर घरात बोलणी बसतील, तीच सून सकाळ-दुपार-संध्याकाळ मशेरी लावू शकते. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर आणि पेस्टवर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली; १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कारखान्यातील उत्पादनास हा कायदा लागू होतो, घरच्या तव्यास होत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. मशेरी लावणाऱ्या मातेस हे कोणी सांगितलेले नसते. विद्यापीठात नोकरीस असलेल्या तिच्या मुलाने किंवा मुलीने तरी ते घरी सांगावे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात, आणि त्यांपैकी बहुसंख्य ती चघळतात. विदर्भात खर्रा, इतरत्र गुटखा, मावा, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, नावे अनेक आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पानमसाला आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत घेऊन गिऱ्हाईक ती हातावर एकत्र करते, हे सर्वांना माहीत आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर धोका टळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली घट्ट तंतू तयार होतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. हा रोग १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत आणि १९५३ साली भारतात वर्णिला गेला. त्याची घरगुती तपासणी सोपी आहे: आपल्याच हाताची तीन बोटे उभी एकत्र धरून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये.

आमचा एक माजी विद्यार्थी एका विद्यापीठात वरिष्ठ लिपिक होता. वसतिगृहात असल्यापासून १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन तोच करी. आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेस ऐकू जावे. नोकरी लागल्यावर त्यास खर्ऱ्याची सवय लागली. प्रथम तिखट सोसेना, मग तोंड उघडेना. ‘तोंड आले आहे’ असे म्हणून तो औषधाच्या दुकानातून मलम आणून लावीत राहिला. गालाच्या आत एक पांढरट चट्टा होता, तो दुखत नव्हता, म्हणून त्याने वर्षभर दाखविला नाही. त्याच्या टेबलावरून रोज शेकडो अर्ज जात, प्रत्येक अर्जातील उणीव तो क्षणात हेरी. पण न दुखणारा चट्टाच अधिक संशयास्पद असतो, हे त्यास कोणी शिकविले नव्हते. शस्त्रक्रियेत जबड्याचा एक भाग काढावा लागला. तो आज आपल्यात आहे, याचे समाधान आहे. गेल्या मेळाव्यास आला होता, मागच्या रांगेत बसला होता, आणि सूत्रसंचालन दुसऱ्याने केले.

जगातील तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे एक तृतीयांश रुग्ण भारतात आढळतात. या रोगाविषयी एक गोष्ट मात्र आशादायक आहे: तो डोळ्यांना दिसतो. पोटातील रोगासाठी यंत्रे लागतात. येथे उजेड आणि आरसा पुरतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. हे आरोग्यसेवक डॉक्टर नव्हते, साधे पदवीधर होते. आपल्या विद्यापीठांत अशा पदवीधरांची उणीव आहे काय? शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील सर्वांची मुखतपासणी समाविष्ट आहे. आरोग्य उपकेंद्रात ती विनामूल्य होते. आपण ती मागत नाही, इतकेच. ज्यांना तंबाखू सोडावयाची आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक विनामूल्य आहे आणि तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. पुडी फाडणारा तो पाहत नाही.

हिरड्यांविषयी थोडक्यात. घासताना रक्त येते म्हणून लोक त्या जागी घासणे सोडतात, आणि त्यामुळेच थर साचून सूज वाढते. साचलेला थर कठीण झाला की तो ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडून काढून घ्यावा लागतो. त्याने दात हलू लागतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण असे की हाड आधीच झिजलेले असते आणि दगडासारख्या थराने दात लिंपल्यासारखे धरून ठेवलेले असतात. थर निघाल्यावर खरी स्थिती उघड होते. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग यांचा संबंध दुहेरी आहे. मधुमेहाने हिरड्या लवकर बिघडतात. बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. आणि हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तातील साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत मोजता येण्याजोगी घट होते. बैठ्या कामाच्या माणसांत मधुमेह किती आहे, हे कोणत्याही कार्यालयात चहा ‘बिनसाखरेचा’ सांगणाऱ्यांची संख्या मोजली तरी कळते.

आणखी एका गटाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराईड अधिक आहे. पाण्यात ते प्रतिलिटर दीड मिलिग्रॅमहून अधिक असू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पक्के दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असे पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि ते घासून जात नाहीत. अशी मुले आपल्या वसतिगृहात येतात. त्यांना ‘दात घासत नाही’ म्हणून कोणी हिणवू नये. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्यांच्या दातांकडे पाहून कोणी त्यांच्या स्वच्छतेचे अनुमान काढू नये. अस्वच्छतेचा शिक्का माणसावर मारणे किती सोपे असते आणि तो पुसणे किती कठीण असते, हे आपल्या समाजास वेगळे सांगावे लागत नाही. डाग पाण्याचे आहेत. जबाबदारी त्या गावास शुद्ध पाणी न देणाऱ्यांची आहे. ज्या फ्लोराईडने असे घडते तेच पेस्टमधून बेताच्या प्रमाणात मिळाले तर दातांचे रक्षण करते. मात्रेचाच हा फरक आहे. पेस्टमध्ये ते दशलक्ष भागांत १,००० ते १,५०० असावे अशी शिफारस आहे. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसते. वेष्टन उलटून वाचावे. रात्री झोपण्यापूर्वी घासणे सकाळच्या घासण्याहून अधिक मोलाचे आहे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरमसाट चुळा भरून फ्लोराईड धुऊन टाकू नये.

हे सारे सांगूनही एक मोठा प्रश्न उरतो, आणि तो ज्ञानाचा नाही. दंतवैद्याकडे जाण्यास अर्धा दिवस मोडतो. प्राध्यापकास दोन तासिकांमधली मोकळी वेळ आहे, लिपिकास किरकोळ रजा आहे. कंत्राटी सफाई कामगारास खाडा आहे आणि खाड्याबरोबर मजुरी जाते. बहुतेक आरोग्य विम्यांत दवाखान्यात भरती न होता केलेले दंतोपचार बसत नाहीत. एक दात वाचविण्यास जो खर्च येतो त्याच्या अल्पांशात तो काढून टाकता येतो. म्हणून गरीब माणूस दात काढतो, आणि मग त्याच्या अज्ञानावर व्याख्याने होतात. हे आम्हांस मान्य नाही. भारतात दंतवैद्यक महाविद्यालय १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास प्रथम काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ साली निघाले, दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली झाला. या दीर्घ काळात उपचाराचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. ते झाडू हाती घेणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था मात्र रेंगाळली.

तरी जे उपलब्ध आहे त्याचा उपयोग करता येतो. शासकीय दंत महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांच्या दंत विभागांत अल्प दरात उपचार होतात. वेळ अधिक लागतो, पण तपासणी अनेकदा खासगी दवाखान्याहून सावकाश होते. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. हा नियम शाळांना लागू आहे तसाच विद्यापीठांनाही आहे. आपले जे माजी विद्यार्थी कर्मचारी संघटनांत पदाधिकारी आहेत, त्यांनी वेतनश्रेणी आणि पदोन्नतीच्या मागण्यांबरोबर दोन साध्या मागण्या मांडाव्यात, असे आम्ही सुचवितो. वर्षातून एकदा विद्यापीठाच्या आवारातच, कामाच्या वेळेत, सर्व कर्मचाऱ्यांची मुखतपासणी व्हावी. जवळच्या दंत महाविद्यालयाचे विद्यार्थी अशा शिबिरांसाठी येतात. आणि त्या दिवशी कंत्राटी कामगारांचा खाडा धरला जाऊ नये.

घरी करावयाची तपासणी अशी. महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहावे. कवळी असल्यास काढावी. ओठ उलटून पाहावेत, गाल बोटाने बाहेर ओढून दोन्ही बाजू पाहाव्यात, जीभ बाहेर काढून तिच्या कडा आणि टाळूला लावून तिच्या खालचा भाग पाहावा, मग मान किंचित मागे टाकून टाळू पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, विनाकारण सैल झालेला दात, जिभेची बधिरता, यांपैकी काही आढळले तर दुखते की नाही याची वाट न पाहता दाखवावे. आईवडिलांचीही अशीच तपासणी करावी. मशेरी लावणाऱ्या आजीची तर अगत्याने करावी, आणि ती ओशाळली तर तिला सांगावे की नालंदेतले भिक्खूही रोज जीभ बाहेर काढून साफ करीत असत.